झटपट भोजनाची नीती

अमेरिकेतील मध्यम स्थितीच्या कुटुंबांत आठवड्याच्या मधल्या एखाद्या सायंकाळी जे एक साधे जेवण पुष्कळदा होते, त्याविषयी आम्ही येथे थोडा विचार करणार आहोत. डुकराच्या पाठीच्या कण्यालगतचे मऊ मांस हाडासह आडवे कापून जे अंगठ्याएवढ्या जाडीचे तुकडे करतात, त्यांस तिकडे 'पोर्क चॉप' असे म्हणतात. नोकरीवरून परतलेल्या गृहस्थाने किंवा गृहिणीने बाजारातून आणलेले असे चार तुकडे तव्यावर टाकावे, शेजारच्या भांड्यात कोबी किंवा श्रावणघेवडा वाफवावा, आणि अर्ध्या तासाच्या आत सर्व कुटुंबाने मेजाभोवती बसावे, असा हा बेत असतो. तिकडील पाकपुस्तकांत त्याची स्तुती बहुधा दोन विशेषणांनी केलेली आढळते : तो झटपट होतो आणि तो आरोग्यदायी आहे.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी हा पदार्थ शिजत नाही. कित्येकांस तर त्याचे नावही सोसणार नाही. ज्यू व इस्लाम या दोन्ही धर्मांत तो निषिद्ध आहे आणि शाकाहारी हिंदू कुळांत तर मांसमात्र वर्ज्य आहे. उलटपक्षी, गोव्यातील ख्रिस्ती घरांत तो सणावारी मानाने पानात वाढला जातो, आणि अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील मुलांस तो शाळासोबत्यांच्या घरी सहज भेटतो. परंतु या मांसाचे भक्ष्याभक्ष्यत्व ठरविणे हा आमच्या लेखाचा हेतू नाही. जेवण झटपट झाले आणि ते शरीरास हितकर ठरले, एवढ्यावरून ते चांगले जेवण झाले असे म्हणता येईल काय, हा आमचा प्रश्न आहे. आणि तो ज्या ताटापुढे सर्वांत स्पष्टपणे उभा राहतो, ते ताट आम्ही विचारासाठी घेतले आहे, इतकेच.

प्रथम या दोन गुणांस त्यांचे श्रेय दिले पाहिजे. 'झटपट' या शब्दाविषयी जुन्या वळणाच्या मंडळींच्या मनात एक अढी असते. चुलीवर तासन् तास रटरटणाऱ्या अन्नात माया असते आणि घाईघाईने केलेल्या अन्नात ती नसते, असे ते म्हणतात. या म्हणण्यात थोडे सत्य असले, तरी ते तास कोणाचे होते हे विचारल्यावाचून त्यांचे गोडवे गाणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. पहाटे जात्यावर बसणारी, धुरात डोळे चोळणारी आणि सर्वांची पाने झाल्यावर उरलेसुरले खाणारी स्त्री त्या तासांची मालकीण नव्हती. ते तास तिच्याकडून घेतले जात होते. ज्या घरात पतिपत्नी दोघेही अर्थार्जन करितात, त्या घरात अर्ध्या तासात होणारे जेवण ही एक प्रकारची मुक्ती आहे. त्यामुळे आईस पुस्तक वाचता येते, बापास मुलांचा अभ्यास घेता येतो, आणि पुष्कळदा स्वयंपाकही दोघांत वाटून घेता येतो. असा झटपटपणा आम्ही सद्गुणांतच गणतो.

या बेताची कृतीही थोडकी व समंजस आहे. शिजविण्यापूर्वी अर्धा तास तुकड्यांस मीठ लावून ठेवावे, आणि तव्यावर घालण्याच्या आधी ते टिपून कोरडे करावे. कारण ओले मांस भाजले न जाता वाफेने उकडते. जाड बुडाचा लोखंडी तवा चांगला तापवून त्यात चमचाभर तेल घालावे आणि एकेक बाजू चार-पाच मिनिटे न हलविता भाजू द्यावी. मग तुकडे ताटलीत काढून काही मिनिटे तसेच ठेवावे, म्हणजे आतील रस आतच राहतो. तेवढ्यात त्याच तव्यात कांद्याच्या व सफरचंदाच्या फोडी परतून वर थोडा शिरका शिंपडला आणि बुडाशी लागलेली खरवड त्यात सोडवून घेतली, की आंबटगोड तोंडीलावणे तयार होते. कडेची चरबी काढून टाकल्यास अशा १०० ग्रॅम शिजलेल्या मांसातून २५ ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात. आणि ज्याच्या अभावी बेरीबेरी हा रोग होतो, ते 'ब-१' जीवनसत्त्व या मांसात इतर मांसांच्या मानाने विपुल असते.

आरोग्याच्या बाबतीत तर या पदार्थाचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. १८३५ साली लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात शिकणाऱ्या जेम्स पॅजेट नावाच्या विद्यार्थ्यास शवविच्छेदन करीत असता स्नायूंत बारीक पांढरे कण दिसले. ते कृमींचे कोश निघाले. रिचर्ड ओवेन या शास्त्रज्ञाने त्या कृमीचे वर्णन करून त्यास 'ट्रिकिना' हे नाव दिले. अर्धवट शिजलेल्या डुकराच्या मांसावाटे हा कृमी मनुष्याच्या शरीरात शिरतो व प्रसंगी प्राणही घेतो, हे पुढे त्याच शतकात सिद्ध झाले. तेव्हापासून पाश्चात्त्य गृहिणी हे मांस चामड्यासारखे कोरडे होईतो शिजवू लागल्या. कालांतराने डुकरांस कच्ची उष्टी-खरकटी घालण्यास कायद्याने आळा बसला, त्यांची राहणी बदलली आणि तो रोग अमेरिकेत दुर्मिळ झाला. अखेर २०११ साली तेथील कृषिखात्याने अखंड तुकड्यांसाठी शिजविण्याची उष्णता सेंटिग्रेडच्या ७१ अंशांवरून ६३ अंशांवर आणिली आणि चुलीवरून उतरविल्यावर तीन मिनिटे थांबण्यास सांगितले. खिमा केलेल्या मांसास मात्र ७१ अंशांचा जुना नियम कायम ठेविला. आता मांसाच्या पोटात सुईसारखा उष्णतामापक खुपसून कोणीही निर्धास्त होऊ शकतो. भीती खरी होती. तिचे कारण सरल्यावरही ती सवय म्हणून मागे उरली होती. आणि ती ज्ञानाने दूर केली. येथवर सर्व ठीक आहे.

आता या दोन्ही गुणांची थोडी झडती घेऊ. प्रथम, वाचलेला वेळ मुळात वाचला कोठे? अमेरिकेतील जुन्या शेतकरी कुटुंबात थंडीच्या आरंभी घरचे डुक्कर मारीत. शेजारीपाजारी मदतीस येत. मांस कापणे, चरबी कढविणे, मांड्या मिठात घालणे व धुरावर धरणे हे काम कित्येक दिवस चाले. ताजा 'चॉप' मिळे तो त्या थोड्या दिवसांतच. बाकीचे वर्षभर खारविलेल्या मांसावर निघे. जो तो खाई, त्याने त्या जनावरास पिलू असल्यापासून पाहिलेले असे आणि त्याच्या मरणाच्या दिवशी तो तेथे हजर असे. एकोणिसाव्या शतकात हे काम घरातून निघून नगरांत गेले. ओहायो नदीकाठच्या सिनसिनाटी शहरास तर या धंद्यामुळे 'पोर्कोपोलिस', म्हणजे वराहनगरी, असे टोपणनाव पडले. १८६५ साली शिकागो येथे जनावरांचा अवाढव्य बाजार उघडला; तो १९७१ पर्यंत चालू होता. तेथील कारखान्यांत जनावराचे धड डोक्यावरील रुळावरून आकड्यास लटकत पुढे सरके आणि प्रत्येक कामगार आपल्यापुढे आल्यावर त्यावर एकच ठराविक घाव घाली. मोटारी जोडण्याच्या आपल्या सुप्रसिद्ध पद्धतीची कल्पना शिकागोच्या खाटीकखान्यांतील या रुळांवरून स्थूलपणे सुचली, असे हेन्री फोर्डने १९२२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मवृत्तात नमूद केले आहे. पुढे बर्फाने थंड ठेविलेल्या आगगाडीच्या डब्यांतून ताजे मांस हजारो मैल जाऊ लागले. अर्ध्या तासाचे जेवण तव्यापाशी जन्मास आलेले नाही; त्याचा जन्म त्या रुळांवर झाला.

याचा अर्थ असा की, जो वेळ गृहिणीचा वाचला, तो दुसऱ्या कोणी तरी वेचला आहे. त्यात कामगाराचा वेळ आहे, आणि त्या जनावराचाही आहे. कारखानी पद्धतीने पाळलेले डुक्कर सुमारे सहा महिन्यांचे होते तोच सव्वाशे किलोच्या घरात जाते आणि कापले जाते. त्याच्या आईचा गर्भकाळ सुमारे ११४ दिवसांचा असतो. तीन महिने, तीन आठवडे आणि तीन दिवस, असे तिकडील शेतकरी बोटांवर मोजून सांगतात. हा सर्व काळ, आणि असे अनेक गर्भकाळ, पुष्कळ माद्यांस सुमारे दोन फूट रुंद व सात फूट लांब अशा लोखंडी गजांच्या चौकटीत काढावे लागतात. तीत तिला उभे राहता येते व आडवे पडता येते. पाठ फिरविता येत नाही. नाकाने जमीन उकरीत हिंडणे हा ज्या प्राण्याचा स्वभावधर्म, आणि ज्याची बुद्धी व जिज्ञासा कुत्र्याच्या तोडीची, त्यास आयुष्याचा बहुतेक भाग एकाच दिशेस तोंड करून घालवावा लागतो. येथे कोणी क्रूर मनुष्य हाती चाबूक घेऊन उभा नाही. थोड्या जागेत, थोड्या माणसांनी, थोड्या काळात पुष्कळ मांस निर्माण करावे, या हिशेबातूनच ही चौकट निघाली आहे. म्हणजे झटपटपणाच तेथेही राज्य करितो.

दुसरा गुण आरोग्याचा. हे आरोग्य कोणाचे? १९०५ साली अप्टन सिंक्लेअर या लेखकाची 'द जंगल' ही कादंबरी एका समाजवादी पत्रात क्रमशः येऊ लागली व १९०६ मध्ये ती ग्रंथरूपाने निघाली. शिकागोच्या मांसाच्या कारखान्यांत राबणाऱ्या परदेशी कामगारांचे हाल लोकांपुढे मांडावे, हा त्याचा उद्देश होता. वाचक खवळले खरे, परंतु कामगारांसाठी नव्हे. आपल्या डब्यात काय काय जाते हे वाचून त्यांच्या पोटात ढवळले. त्याच वर्षी मांसतपासणीचा कायदा झाला. तो चांगला कायदा होता. त्याने खाणारा सुरक्षित झाला. कापणाऱ्याची वाट मात्र त्यात नव्हती. शंभरांहून अधिक वर्षांनी, २०२० च्या एप्रिल महिन्यात, करोनाच्या साथीत साऊथ डाकोटामधील सू फॉल्स येथील डुकराच्या मांसाचा एक प्रचंड कारखाना शेकडो कामगारांस लागण झाल्यामुळे बंद ठेवावा लागला. खांद्यास खांदा लावून थंड जागेत काम करणाऱ्या या माणसांत परदेशांतून आलेल्यांचा भरणा मोठा होता. अशीच वार्ता इतर ठिकाणांहूनही येऊ लागली, तेव्हा त्याच महिन्याच्या २८ तारखेस राष्ट्राध्यक्षांनी मांसाचे कारखाने चालू राहावेत यासाठी हुकूम काढिला. इकडे घरोघरी आरोग्यदायी जेवणाची काळजी चालली होती, आणि तिकडे ते जेवण तयार करणाऱ्यांचे आरोग्य हिशेबाच्या वहीत कोठेच लिहिलेले नव्हते.

हा आरोग्याचा शब्द बाजारात किती लवचिक होतो, याचेही एक उदाहरण सांगण्यासारखे आहे. लोक तांबड्या मांसास भिऊन कोंबडीकडे वळू लागले, तेव्हा १९८७ साली तेथील डुक्कर-उत्पादकांनी आपला माल म्हणजे 'दुसरे पांढरे मांस' होय अशी जाहिरात आरंभिली, आणि ती देशभर तोंडोतोंडी झाली. वस्तुतः पोषणशास्त्र डुकराच्या मांसाची गणना तांबड्या मांसातच करिते. आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २०१५ साली तांबड्या मांसाचा समावेश बहुधा कर्करोगकारक अशा पदार्थांत केला. यावरून आठवड्यातून एकदा चॉप खाणाऱ्याने हाय खावी असे नाही. परंतु ज्यास आरोग्यदायी म्हणावयाचे, त्याचे प्रमाणही सांगितले पाहिजे, एवढे यातून निश्चित होते.

येथे कोणी म्हणेल : "हे सर्व खरे असेल, परंतु खाणाऱ्याचा यात काय दोष? त्याने जनावरास कोंडिले नाही, मारिले नाही, कामगारास राबविले नाही. स्वच्छ कागदात गुंडाळलेला तुकडा त्याने पैसे मोजून आणिला." हा आक्षेप वरवरचा नव्हे, आणि त्याचे प्राचीन रूप फार आदरणीय ठिकाणी सापडते. भगवान बुद्धाने भिक्षूंस मांसाविषयी जो नियम घालून दिला, तो असा की, जे जनावर आपल्यासाठी मारताना पाहिले नाही, आपल्यासाठी मारल्याचे ऐकिले नाही आणि तशी शंकाही आली नाही, त्याचे मांस भिक्षूने घेण्यास हरकत नाही. पावा येथील चुंद लोहाराने बुद्धास वाढलेल्या अखेरच्या अन्नात 'सूकरमद्दव' होते. ते डुकराचे मांस की आणखी काही, याचा वाद पुरातन आहे. धर्मानंद कोसंबी यांनी आपल्या 'भगवान बुद्ध' (१९४०-४१) या ग्रंथात मांसाहाराच्या या सर्व प्रश्नाची निर्भीडपणे चर्चा केली, आणि तीमुळे महाराष्ट्रात मोठी खळबळ उडाली, हे जाणत्या वाचकांस ठाऊक आहेच.

आमचे लक्ष त्या वादाकडे नसून त्या तीन अटींकडे आहे. न पाहिलेले, न ऐकिलेले, न शंकिलेले : आजच्या बाजारातील मांसाचा प्रत्येक तुकडा या तिन्ही अटी पुऱ्या करितो. किंबहुना त्या पुऱ्या व्हाव्या अशीच सर्व रचना आहे. कारखाना गावापासून दूर, भिंतींस खिडक्या नाहीत, आणि वेष्टनावर मात्र हिरवे कुरण व लाल छपराचे कोठार रंगविलेले! परंतु तो नियम भिक्षूसाठी होता, हे विसरून चालणार नाही. भिक्षू मागत नाही. पात्रात जे पडेल ते घेतो. तो उद्या त्या दारी येईलच असे नाही आणि त्याच्यासाठी कोणी आज जनावर राखून ठेवीत नाही. गृहस्थाचे तसे नाही. त्याने आज चार तुकडे विकत घेतले, म्हणजे पुढील आठवड्यात चार तुकडे आणून ठेवा असे दुकानदारास सांगितल्यासारखेच झाले. दुकानदार ते कारखान्यास सांगतो, कारखाना शेतकऱ्यास सांगतो, आणि सहा महिन्यांनी कापावयाच्या जनावराची सोय आज होते. भिक्षेच्या पात्रात आणि बाजाराच्या पिशवीत हा भेद आहे. भिक्षूस जे न पाहणे निर्दोष ठेवीत होते, तेच न पाहणे गृहस्थाच्या बाबतीत केवळ सोयीचे असते. न पाहिल्याने त्याचा संबंध तुटत नाही, फक्त लपतो.

या ठिकाणी आमच्या शाकाहारी वाचकांस थोडे समाधान वाटू लागले असेल, तर त्यांसही क्षणभर थांबविणे आम्हांस अवश्य वाटते. आपल्या स्मृतिकारांनी गृहस्थाच्या घरात पाच 'सूना' सांगितल्या आहेत. आणि सूना म्हणजे वधस्थान. चूल, जाते, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा ही ती पाच स्थाने. ज्या घरात मांसाचा स्पर्शही होत नाही, त्या घरातही रोज पाच ठिकाणी जीवहत्या होते, असे त्या कठोर शास्त्राने निःसंकोचपणे सांगितले आणि तिच्या निष्कृतीसाठी पाच नित्य यज्ञ लावून दिले. त्यांत भूतांस बळी घालणे आहे, अतिथीस जेवू घालणे आहे. या व्यवस्थेतील कर्मकांड आज कोणास पटो न पटो, तिच्यातील एक गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते : जेवण हे ऋण आहे, आणि ते रोजचे असल्यामुळे त्याची आठवणही रोज व्हावी, असे ती मानते. आजच्या शाकाहारी ताटातील दुधालाही गाय, वासरू आणि गोठा आहे. साखरेलाही ऊसतोड कामगार आहे. पडदा सर्वांच्याच ताटापुढे आहे. कोणाचा जाड, कोणाचा पातळ.

तर मग हिंसा कोणासच चुकत नाही, म्हणून वाटेल ते खावे असा निष्कर्ष काढावयाचा काय? याचे उत्तर महाभारतातील वनपर्वात एका मांसविक्याच्याच तोंडी घातलेले आहे, हा योगायोग मोठा अर्थपूर्ण होय. तपाच्या गर्वाने फुगलेला कौशिक ब्राह्मण धर्म शिकावयास मिथिलेस जातो, आणि त्यास गुरू भेटतो तो बाजारात मांसाच्या दुकानी बसलेला धर्मव्याध. आपण दुसऱ्यांनी मारलेल्या डुकरांचे व रेड्यांचे मांस विकितो, स्वतः मारीत नाही व खातही नाही, असे तो सांगतो. परंतु एवढ्यावर तो स्वतःस निर्दोष म्हणवून घेत नाही. आपले कर्म घोर आहे असे तो स्पष्ट म्हणतो. त्याचबरोबर नांगराखाली किती जीव मरतात, चालणाऱ्याच्या पायाखाली किती चिरडतात, हेही तो त्या ब्राह्मणास दाखवितो. अहिंसेचे व्रत घेतलेले यतीही हिंसेतून सर्वस्वी सुटत नाहीत. मात्र यत्नाने ती उणी होते, असा त्याच्या उपदेशाचा इत्यर्थ आहे.

'यत्नाने उणी होते' या विचारात आम्हांस या प्रश्नाची किल्ली दिसते. शुद्धतेचा हट्ट धरणारा मनुष्य बहुधा दोहोंपैकी एका टोकास जातो : तो आपणांस शुद्ध समजून इतरांस तुच्छ लेखू लागतो, किंवा शुद्धता अशक्य आहे असे पाहून यत्नच सोडून देतो. यत्नाचा मार्ग यांच्या मधला आहे आणि तो चालण्यास अधिक कठीण आहे, कारण त्यात रोज हिशेब करावा लागतो. झटपट जेवणाने जो वेळ हाती दिला, त्यातील थोडा या हिशेबाकडे लावणे, हेच त्या जेवणाची नीती होय, असे आमचे मत आहे.

हा हिशेब प्रत्यक्षात कसा करावयाचा? पहिली गोष्ट, जाणून घेणे. आपण विकत घेतो ते मांस, दूध किंवा अंडे कोठून आले, त्या जनावरास हिंडण्यास जागा होती काय, एवढे दुकानात विचारण्यास पाच मिनिटे पुरतात. आणि विचारणारी माणसे वाढली म्हणजे दुकानदारास उत्तर शोधणे भाग पडते. दुसरी गोष्ट, थोडे घेणे पण त्याची रास्त किंमत देणे. आठवड्यातून तीनदा स्वस्त मांस घेण्यापेक्षा एकदा महाग मांस घेतले, तर घरखर्च फारसा वाढत नाही, आणि आरोग्याच्या दृष्टीनेही ते प्रमाण हिताचेच आहे. तिसरी गोष्ट, वाया न घालविणे. ज्या जनावराचा जीव गेला त्याचे मांस अज्ञानाने करपवून केराच्या डब्यात टाकणे, यासारखी कृतघ्नता नाही. या दृष्टीने पाहता तो लहानसा उष्णतामापक नीतीचेही साधन ठरतो. गोव्यातील ख्रिस्ती गृहिणीच्या 'सोरपोतेल'मध्ये काळीज व इतर अवयवही बारीक चिरून पडतात. ते शिरक्यात मुरून दोन-तीन दिवसांनी अधिकच रुचकर लागते, आणि आतडी 'चोरिस' भरण्याच्या कामी येतात. तेथे चॉपसारखा एकच मऊ भाग हवा आणि बाकीचे कोठे का जाईना, अशी वृत्ती नाही. हा पाकप्रकार झटपट नसेल. परंतु मारलेल्या जनावराचा मान राखण्याची जाण त्यात आहे, आणि झटपट स्वयंपाक करणाऱ्यानेही तिच्याकडून शिकावे.

एक आक्षेप मात्र आम्ही टाळू इच्छीत नाही. महाग मांस घ्या असे ज्यास परवडते त्यास सांगणे सोपे आहे. ज्या मजुराच्या घरी पैसा मोजून येतो, त्याने काय करावे? हा प्रश्न अगदी रास्त आहे, आणि म्हणूनच हा भार एकट्या गिऱ्हाइकाच्या विवेकावर टाकून चालत नाही. कॅलिफोर्निया संस्थानातील मतदारांपुढे २०१८ च्या नोव्हेंबरात एक प्रस्ताव आला : ज्या मादीस किमान २४ चौरस फूट जागा मिळाली नाही, तिच्या पिलांचे ताजे मांस संस्थानात विकू नये, मग ते कोठेही तयार झालेले असो. त्या संस्थानात डुकरे फारशी पाळीत नाहीत. त्या लोखंडी चौकटी बहुतेक दूरच्या आयोवासारख्या संस्थानांत होत्या. भाव चढतील हेही मतदारांस सांगण्यात आले होते. तरी सुमारे ६३ टक्के लोकांनी प्रस्तावास अनुकूल मत दिले. उत्पादकांनी न्यायालयात धाव घेतली. ११ मे २०२३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा कायम राखला. इंग्लंडमध्ये तर अशा चौकटींस १९९९ सालीच बंदी झाली होती. २४ चौरस फूट म्हणजे काही नंदनवन नव्हे. चार फूट रुंद व सहा फूट लांब अशी एक पथारी. परंतु ज्या प्राण्यास कधी पाहिले नाही, ऐकिले नाही, त्यास पाठ फिरविता यावी म्हणून लक्षावधी सामान्य माणसांनी आपल्या खिशास चाट लावून घेतली, ही गोष्ट आम्हांस नैतिक इतिहासात नोंदण्याजोगी वाटते. कायदा सर्वांस सारखा लागू झाला म्हणजे भल्या उत्पादकास भलेपणाचा दंड भरावा लागत नाही. कारखान्यातील कामगारासाठी मात्र इतक्या निश्चयाचे मत अजून पडावयाचे आहे, हे येथेच सांगितले पाहिजे.

भोजनाच्या वेळी असले विचार मनात आणल्यास घास गोड कसा लागेल, अशी शंका कोणी काढील. आमचा अनुभव असा आहे की, ज्या अन्नाचा इतिहास आपण जाणतो व ज्याची किंमत आपण दिली आहे असे आपणांस वाटते, ते अन्न अधिक गोड लागते. गोड लागत नाही ते ज्याच्याविषयी आपण मुद्दाम विचारणे टाळले आहे. कारण टाळलेला प्रश्न ताटाखाली दडून असतोच. आपल्या मुलांनी एखादे दिवशी तो विचारला, तर त्यांस गप्प बसवावे न लागता चार वाक्यांत खरे उत्तर देता यावे, एवढी तयारी प्रत्येक कुटुंबप्रमुखाची असावी. ते कुटुंब मांसाहारी असो वा शाकाहारी, मुंबईत असो वा शिकागोत.

जेवण अर्ध्या तासात व्हावे, ही इच्छा योग्य आहे. ते शरीरास हितकर असावे, हीही योग्य आहे. या दोन इच्छांच्या पंक्तीस तिसरी एक बसविली पाहिजे : आपल्या घरातील वाचलेला वेळ आणि राखलेले आरोग्य यांसाठी दुसऱ्या कोणाचे आयुष्य किती खर्ची पडले, याची आपणांस खबर असावी, आणि यत्नाने तो खर्च दरसाल थोडा थोडा उणा व्हावा. ही तिसरी इच्छा ज्या घरात आहे, तेथील जेवण झटपट झाले तरी ते उथळ म्हणता येणार नाही.